लाईट चालू असताना भाकरी बंद करायची का?

ओटीपोटावर रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे म्हणतात ते ‘लाईट’, घेतलेल्यांच्या घरून या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. कॅन्सरच्या रुग्णांच्या जेवणाचं बघण्यात माझी नोकरी गेली, तीही सोलापूरकडे. त्यामुळे उत्तरांत ज्वारी जरा जास्त दिसेल. मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही. औषधाचा विषय आला की तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. आणखी एक. बहुतेक पत्रांत ‘तो त्रास’, ‘तसलं काहीतरी’ असं लिहिलंय. मी संडास, जुलाब, रक्त असं सरळ लिहिणार आहे. ज्यांना जेवताना मासिक वाचायची सवय आहे, त्यांनी हे पान नंतर वाचावं.

माझ्या सासूबाईंना (वय ५४) गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. सोलापुरात लाईट चालू आहेत, आठवड्याला एक किमोचं सलाईन असतं. पहिले दोन आठवडे बरे गेले. आता तिसऱ्यात दिवसाला सात-आठ वेळा पातळ होतंय, मुरडा येतो. नणंद म्हणते फक्त तांदळाची पेज द्या. शेजारी म्हणतात भाकरी-भाजी बंद. मामंजी ताकद यावी म्हणून रोज लिटरभर म्हशीचं दूध आणतात. आत्यांनी (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्ली, पेज बघून तोंड फिरवतात. एसटीत पंचाईत नको म्हणून सकाळपासून पाणीही पीत नाहीत. नक्की काय द्यावं? – एक सून, सांगोला तालुका

सूनबाई, आधी दूध बंद. मामंजींना वाईट वाटेल, पण आजच बंद. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात दुधातली साखर पचवणारं द्रव्य तयार होतं. किरणांनी ते अस्तर झिजतं, तेव्हा हे द्रव्यही कमी पडतं. न पचलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढते, गॅस धरते. लिटरभर दुधात ही साखर ४५ ते ५० ग्रॅम असते, आणि म्हशीच्या दुधात वर भरपूर साय. म्हणजे ताकदीच्या नावाने जुलाबाचं औषधच चालू आहे. चहातलं घोटभर दूध बहुतेकांना चालतं. विरजलेल्या दुधात ही साखर बरीच कमी होते, म्हणून घरचं ताजं दही आणि ताक चालेल. मात्र भांडं स्वच्छ, दूध उकळलेलं आणि दही त्याच दिवसाचं हवं, कारण किमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात. चार-पाच दिवस दूध थांबवून बघा, फरक तुमचा तुम्हाला कळेल. लाईट संपल्यावर काही आठवड्यांनी दूध पुन्हा थोडं थोडं सुरू करता येतं. हे जन्माचं पथ्य नाही.

तिसऱ्याच आठवड्यात का सुरू झालं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मामंजी विचारतील. आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होत असतं. किरणांचा तडाखा भराभर वाढणाऱ्या पेशींना जास्त बसतो, मग त्या कॅन्सरच्या असोत की अस्तराच्या. रोज थोडी थोडी झीज होते, भरून यायला वेळ मिळत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट बोलायला लागतं. लाईट संपले तरी एखाद-दोन आठवडे त्रास राहतो, मग उतरतो. बहुतेकांचं पोट दीड-दोन महिन्यांत बरंचसं जागेवर येतं. काल खाल्लेल्या वांग्याचा किंवा कुणाच्या नजरेचा यात काही संबंध नाही.

आता पाणी. हे मला दुधापेक्षाही काळजीचं वाटतं. आठवड्याचं किमो म्हणजे बहुधा सिस्प्लॅटिन असणार. या कॅन्सरला लाईटबरोबर तेच देतात. ते मूत्रपिंडावर जड जातं. जुलाबांनी शरीर सुकलेलं, वर पाणी प्यायचं नाही आणि त्यात सिस्प्लॅटिन, असं झालं की रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, वाढतं आणि त्या आठवड्याचं किमो पुढे ढकलावं लागतं. दुसरी गोष्ट मशीनची. लघवीची पिशवी भरलेली असली की ती लहान आतड्याला वर ढकलते, किरणांच्या वाटेतून बाजूला. रिकाम्या पिशवीने आत्या मशीनवर झोपल्या, तर आतडं खाली उतरून जास्त किरणं खातं. म्हणजे एसटीच्या भीतीने पाणी टाळलं की जुलाब वाढायला मदतच होते.

यावर उपाय आहे. घरून निघताना गरजेपुरतं पाणी, आणि खरं पाणी दवाखान्यात पोहोचल्यावर. लघवीला जाऊन यायचं, मग सांगितलेलं पाणी प्यायचं आणि सांगितला तेवढा वेळ थांबायचं. प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनच्या दिवशी किती पाणी, किती वेळ, ते तंत्रज्ञांनी सांगितलेलं असतं; रोज तेच करायचं. विसरला असाल तर उद्या पुन्हा विचारा, कुणी रागावत नाही. लाईट झाला, लघवी करून आलं, की एसटी पकडा. दिवसभराचं उरलेलं पाणी घरी आल्यावर.

जुलाबात नुसतं पाणी पुरत नाही, मीठही जातं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं. अर्धं आज, अर्धं उद्या असं नको. चोवीस तासांत उरलेलं फेकायचं. घरी करायचं तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. दुकानात खोक्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून हातात ठेवायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावात तो शब्द वापरायलाच मनाई केली. तरी घेताना पाकीट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे, असं त्यावर लिहिलेलं हवं.

आता भाकरी. ओटीपोटावर लाईट सुरू झाले की कोंड्याचं, सालीचं, भाजीचं सगळं बंद, असा सल्ला वर्षानुवर्षं जगभर दिला गेला. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात १६६ रुग्णांवर याची परीक्षा घेतली गेली आणि निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. एका गटाला चोथा कमी, एकाला जास्त, एकाला नेहमीचंच जेवण. चोथा कमी करणाऱ्यांना फायदा झाला नाही. उलट जास्त चोथा खाणाऱ्यांचं पोट उपचाराच्या काळात कमी बिघडलं आणि वर्षभरानंतरही त्यांची स्थिती बरी होती. तो अभ्यास ज्वारीवर नव्हता, हे खरं. पण जन्मभर ज्वारी पचवलेल्या बाईला एकदम पेजेवर आणण्यामागे आधार नाही, एवढं मी त्यावरून नक्की म्हणेन.

तरीही सात-आठ जुलाब होत असताना कडक भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा द्या, असं मी म्हणत नाही. भाकरी ताटात ठेवा, फक्त मऊ करा. पातळ मुगाच्या वरणात कुस्करून, चांगली भिजू देऊन. किंवा ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकाबरोबर; आत्यांना हे नवं नाही, त्यांच्या सासूने केलेलं असणार. ज्वारीची किंवा नाचणीची आंबील. भाजीत दुधी, लाल भोपळा, गाजर, पडवळ, साल काढून मऊ शिजवलेलं. फळात पिकलं केळं, वाफवलेलं सफरचंद. पोट शांत होईपर्यंत मोडाची कडधान्यं, शेंगदाण्याची चटणी, हिरवी मिरची, कच्ची कोशिंबीर आणि तळण बाजूला. जुलाब कमी झाले की एकेक परत आणा. हे परत आणायचंच सगळे विसरतात, आणि सहा महिन्यांनी बाई अजून भात-वरणावरच असते.

नुसत्या पेजेचा तोटा असा, की पोट भरतं आणि अंग उतरतं. ४५ किलोच्या बाईला या काळात दिवसाला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन अंड्यांतून बारा-तेरा मिळतात, दोन वाट्या घट्ट वरणातून चौदाच्या आसपास, दोन मध्यम भाकरींतून बारा, वाटीभर दह्यातून चार-पाच. तरी कमी पडतं. माळकरी नसाल तर कोंबडीचा किंवा माशाचा मऊ शिजवलेला तुकडा द्या. असाल तर वरणाची आणखी एक वाटी आणि थोडं पनीर. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान करा. वजन फार उतरलं की लाईटसाठी अंगावर केलेल्या खुणाही सरकतात आणि प्लॅनिंग पुन्हा करायची वेळ येऊ शकते.

शेवटी, जुलाबांची गोष्ट डॉक्टरांना सांगितली का? पत्रात कुठेच दिसली नाही. पुरुष डॉक्टर आहेत म्हणून आत्या लाजतात, सून म्हणते त्या सांगतील, आणि मधल्या मध्ये ते राहतं. डॉक्टरांना हवा असतो आकडा: आधी दिवसातून किती वेळा जात होत्या, आता किती वेळा जातात. चार ते सहा वेळा जास्त म्हणजे औषध हवं. सात किंवा त्याहून जास्त वाढलं तर कदाचित सलाईन लागेल. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहितो तसा रोजचा आकडा लिहा आणि ते पान घेऊन जा. जुलाब थांबवायला लोपेरामाईडच्या गोळ्या बहुतेक वेळा देतात. त्या जेवणाआधी अर्धा तास घेतल्या तर जास्त लागू पडतात, हे विचारून घ्या. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल, तर स्वतःहून ती गोळी द्यायची नाही.

ताप १००.४ च्या वर गेला, लघवी कमी झाली, उठताना चक्कर आली, उलट्या थांबेनात, किंवा पोट फुगून वाराही सरेनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी निघा.

आणि ‘पोट ठीक होईपर्यंत लाईटला चार दिवस सुट्टी घेऊ’ असं घरच्या घरी ठरवू नका. या कॅन्सरचे बाहेरून मशीनने द्यायचे लाईट आणि नंतर शरीराच्या आतून द्यायचे लाईट मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो. लांबला की गुण कमी येतो. सुट्टी द्यायची असेल तर डॉक्टर देतील.

लाईट चालू असताना गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस आणि हळदीच्या कॅप्सूल घेतल्या तर साईड इफेक्ट कमी होतात का? – पुणे

नाही. कच्च्या पानांच्या रसाने जुलाब वाढलेले मी पुष्कळ पाहिलेत, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना न शिजवलेलं टाळायचंच असतं. आमटीतली हळद चालू द्या, कॅप्सूल ठेवून द्या. या काळात अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रा डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. त्या पैशांत अंडी आणा.

माझी आई माळकरी आहे. आषाढीला तिच्या लाईटचा चौथा आठवडा येतो. वारी तर चुकलीच, एकादशी मोडायला मात्र ती तयार नाही. साबुदाण्याची खिचडी चालेल का? – पंढरपूर तालुका

मोडायला सांगितलं तर ती चोरून धरेल, म्हणून मोडायला सांगू नका. निर्जळी मात्र नाही, त्यावर तडजोड नाही. साबुदाण्याचा स्वतःचा फारसा दोष नसतो. तूप आणि मूठमूठ दाण्याचं कूट, तेही रिकाम्या पोटी, हा दोष. त्याऐवजी भगर मऊ शिजवून ताकाबरोबर द्या, दाण्याच्या आमटीशिवाय. राजगिऱ्याच्या लाह्या दह्यात भिजवून. केळं. रताळं उकडून, थोडंच. साखर-मिठाचं पाणी उपवासाला चालतं की नाही यावर घरात वाद झाला तर लिंबू पिळा, सरबत म्हणून सगळ्यांना चालेल. महिन्याच्या दोन एकादश्या एवढंच असेल तर निभेल. सोमवार, गुरुवार, चतुर्थी असं सगळंच असेल तर एखाद्या महाराजांकडून सांगवून घ्या. आमच्यापेक्षा त्यांचं ऐकलं जातं.

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेऊन दीड वर्ष झालं. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) उत्तम आहे. तीन महिन्यांपासून शौचाच्या वेळी ताजं लाल रक्त दिसतं, कधी थेंब, कधी जास्त. गावातल्या एकांनी मूळव्याध सांगून कोंबाला रबर बँड लावून घ्यायचा सल्ला दिला. मी तिखट सोडलं, तरी फरक नाही. वय ६८, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू. – निवृत्त शिक्षक, वाई

गुरुजी, बँड लावून घेऊ नका. आधी ज्यांनी रेडिएशन दिलं त्यांना दाखवा आणि त्यांच्यामार्फत पोटविकारतज्ज्ञांना.

प्रोस्टेट आणि गुदाशय अगदी पाठीला पाठ लावून असतात, त्यामुळे गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला किरणं लागतातच. महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी, तिथे नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवतात आणि शौच घासून गेली की रक्त येतं. हे फार वेळा दिसतं आणि बऱ्याच जणांचं हळूहळू कमीही होतं. पण दुर्बीण घालून बघितल्याशिवाय हेच आहे असं म्हणता येत नाही. ६८ व्या वर्षी रक्ताचं दुसरं कारणही असू शकतं. दुर्बीण करणाऱ्यांना पहिलंच वाक्य सांगायचं: इथे रेडिएशन झालंय. कारण त्या पुढच्या भिंतीचा तुकडा गरजेशिवाय तपासायला घेतला, तर जखम भरत नाही आणि भोक पडण्याची भीती असते. बँड किंवा मूळव्याधीचं ऑपरेशन घाईने नको, तेही याचसाठी.

रक्त थोडं असेल तर काही न करता लक्ष ठेवतात. जास्त असेल तर सुक्राल्फेटचा एनिमा देतात, किंवा दुर्बिणीतूनच आर्गॉन वायूच्या यंत्राने रक्तवाहिन्या बंद करतात. हिमोग्लोबिन तपासा. अ‍ॅस्पिरिन मनाने थांबवू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

तिखट सोडलंत ते आवडीने सोडलं असेल तर ठीक, रक्त त्याने येत नव्हतं. तुम्हाला हवी ती मऊ, न कुंथता होणारी शौच. भाज्या, फळं, पुरेसं पाणी आणि रात्री चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यातून. आणि संडासात वर्तमानपत्र नेत असाल तर ते बाहेर ठेवा.

सहा वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन झालं. कॅन्सर नाही. पण खाल्लं की धावावं लागतं, विशेषतः तेलकट किंवा हॉटेलचं खाल्ल्यावर. पिवळट, तरंगणारी, चिकट शौच होते. एकदा लोकलमध्ये फजिती झाली, तेव्हापासून कुठे जात नाही. सगळे म्हणतात आयबीएस, म्हणजे टेन्शनने बिघडणारं पोट आहे, टेन्शन घेऊ नका. मे महिन्यात भाच्याचं लग्न आहे, मी जाणार नाही म्हणून कळवलंय. – कल्याण

ताई, तुमच्या पत्रातली तीन लक्षणं, म्हणजे तेलकटावर उठणारं पोट, पिवळी तरंगणारी शौच आणि घाई, वाचून मला टेन्शनपेक्षा पित्तरसाची शंका आली. यकृत जो पित्तरस सोडतं, तो काम झाल्यावर लहान आतड्याचा अगदी शेवटचा भाग परत शोषून घेतो. तो भाग ओटीपोटातच असतो, म्हणून किरणांच्या वाटेत येतो. शोषणं बिघडलं की पित्तरस मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथे पाणी सुटायला लावतो. वर्षं उलटून गेल्यावरही हे चालू राहतं. यावर औषध आहे: कोलेस्टिरामाईनची पावडर, पित्तरसाला धरून ठेवते. यासाठीची खास तपासणी आपल्याकडे फारशी होत नाही, म्हणून बरेच पोटविकारतज्ज्ञ पावडर देऊन गुण येतो का ते बघतात. थायरॉईडची किंवा दुसरी गोळी घेत असाल तर ती पावडरच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तास नंतर, नाहीतर पावडर तिलाही धरून ठेवते.

पावडरीने भागलं नाही तर लहान आतड्यात जंतू वाढलेत का, ते बघायचं. पोट फार फुगत असेल, वाऱ्याला घाण वास असेल तर ही शंका जास्त. त्यावर काही दिवसांचं अँटिबायोटिक देतात. एकाच बाईला दोन्ही असू शकतं. अशा रुग्णांची कारणं ठरलेला तक्ता घेऊन एकेक करून शोधली आणि त्या त्या कारणावर उपाय केला तर त्रास खरंच कमी होतो, हे ब्रिटनमधल्या २१८ रुग्णांच्या चाचणीत दिसलं. ती २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे, प्रशिक्षित नर्सने तो तक्ता घेऊन तपासलं तरी पोटविकारतज्ज्ञाइतकाच गुण आला. आपल्याकडे नर्सच्या हाती असा तक्ता कधी येईल तेव्हा येईल.

तोवर तुमच्या स्वयंपाकघरात: दिवसभराचं तेल-तूप मिळून तीन छोटे चमचे, मोजून. फोडणी बंद नको, कढईतला तवंग नको. दूध साय काढून. तळण, खवा, नारळाचं वाटण, चीज सध्या नको. बी-१२ तपासून घ्या. तेही आतड्याच्या त्याच शेवटच्या भागात शोषलं जातं आणि कमी पडलं तर बहुधा इंजेक्शनच लागतं. हाताला मुंग्या येत असतील तर हे आधी करा. ड जीवनसत्त्वही बघा, कारण चरबी नीट शोषली जात नसली की ते घटतं, आणि रेडिएशनने कमरेची हाडं तशीही ठिसूळ झालेली असू शकतात. रोज नाचणीची एक भाकरी खा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

लग्नाचं कळवलंय ते मागे घ्या. पावडरची मात्रा बसायला काही आठवडे लागतात, म्हणून अपॉइंटमेंट याच महिन्यात घ्या. पंगतीत वरण-भात, साधी चपाती आणि मठ्ठा घ्या. भजी आणि बासुंदी वाढायला आले तर ताटावर हात आडवा धरा. हॉलवर गेल्या गेल्या संडास कुठे आहे ते बघून ठेवा, आणि लोपेरामाईडची एक गोळी निघण्यापूर्वी घेऊ का, ते डॉक्टरांना याच भेटीत विचारा.